जुन्या फटफटीचा सायलेन्सर : दुरुस्त करावा की बदलावा?

मोटारसायकलीस मराठीत ‘फटफटी’ हे नाव पडले, ते तिच्या चाकांवरून किंवा वेगावरून नव्हे, तर तिच्या धुराच्या नळीतून निघणाऱ्या आवाजावरून. ज्या भागाने या वाहनास नाव दिले, त्याच भागाकडे मालकाचे लक्ष सर्वांत कमी असते. एंजिनास तेल, चाकांस हवा, साखळीस वंगण हे सर्व तो वेळच्या वेळी पाहतो. परंतु सायलेन्सर गंजून त्यास भोक पडेपर्यंत व शेजारी तक्रार करू लागेपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाही. मग घाईने बाजार गाठून जो मिळेल तो बसविला जातो. हा घाईचा सौदा शेतकऱ्यास किती महाग पडतो व तो कसा टाळता येईल, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

हा विषय शेतकी मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आज गावोगाव दुधाच्या किटल्या डेअरीवर पोहोचविणे, बियाणे व खताची पोती आणणे, पंपाचा मोडका भाग तालुक्यास नेणे ही सर्व कामे मोटारसायकल करते. हे वाहन पुष्कळ घरी बापाकडून मुलाकडे आलेले असते. १९६१ ते १९९६ पर्यंत म्हैसूर येथे तयार झालेल्या जावा व येझदी, एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत, १९५५ पासून मद्रासेस निघू लागलेली बुलेट, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० व त्याच सालची हिरो होंडा सीडी १००, शिवाय दूधवाल्यांची आवडती बजाज एम ८० ही वाहने अजून अनेक वस्त्यांवर चालू आहेत. यांपैकी पुष्कळांचे उत्पादन कधीच थांबले. वाहन टिकले पण त्याचे सुटे भाग मिळणे दुर्मिळ झाले, ही खरी अडचण आहे.

मुळशी, मावळ, खेड, पुरंदर या भागांतील शेतकरी असा भाग शोधावयास पुण्यास येतो. नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने त्याला ठाऊक असतात. तेथे न मिळाल्यास कसब्याला लागून असलेल्या मंगळवार पेठेतील, रविवारी व बुधवारी भरत आलेल्या जुन्या बाजाराकडे त्याची पावले वळतात. आता कसबा पेठेस मेट्रोचे स्थानकही २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू झाले असल्यामुळे हातात गंजका सायलेन्सर घेऊन येणाऱ्यास येणे सोपे झाले आहे. परंतु येणे सोपे झाले म्हणून निवड सोपी झाली असे नाही. दुकानदार विचारतो, ‘गाडी कोणती?’ शेतकरी नाव सांगतो. दुकानदार त्या नावाचा एक सायलेन्सर काढून देतो. घरी नेऊन पाहावे तो बेंड पाइपाचे तोंड दोन सुतांनी मोठे, किंवा मागचा कान स्टँडाच्या आड येतो. मग मिस्त्री ठोकून, ओढून, डाग देऊन कसाबसा बसवितो. येथूनच पुढील नुकसानीस आरंभ होतो.

सायलेन्सर म्हणजे केवळ आवाज दाबणारे डबडे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चार फेऱ्यांच्या म्हणजे फोर-स्ट्रोक एंजिनात जळलेला वायू झडपेतून जोराने बाहेर पडतो. सायलेन्सरातील कप्पे व भोके पाडलेल्या नळ्या त्या वायूस वळणे देतात. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत येतात व एकमेकींस पुष्कळशा मारून टाकतात. हे करीत असता वायूची वाट फार अडता कामा नये, नाहीतर जळका वायू सिलिंडरात मागे राहून ताज्या मिश्रणाची जागा अडवितो. उलट वाट फार मोकळी केली तर कार्बुरेटराने मूळ मापास धरून दिलेले पेट्रोल त्या वाटेस कमी पडू शकते, मिश्रण पातळ होते व एंजिन तापते.

दोन फेऱ्यांच्या म्हणजे टू-स्ट्रोक एंजिनात हा भाग याहूनही नाजूक आहे. राजदूत, जावा, येझदी, आरएक्स १०० ही सर्व त्या जातीची. त्यांस बाहेर सोडणारी झडप नसते. सिलिंडराच्या भिंतीतील खिडकीतून जळका वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येत असते, आणि त्यातील काही भाग न जळताच बाहेर निसटतो. नळीची लांबी, तिचा फुगवटा व शेवटची निमुळती बाजू योग्य असल्यास आतून परत आलेली दाबाची लाट हे निसटते मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९५० नंतरच्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे वॉल्टर काडेन यांनी या लाटेचा शिस्तीने अभ्यास करून शर्यतीच्या लहान एंजिनांतून अपूर्व शक्ती काढली. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर हा १९६१ साली पश्चिमेकडे पळाला व ती विद्या जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाली. पुढच्याच वर्षी डेग्नरने सुझुकीवर ५० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. एका नळीच्या आकारासाठी दोन देशांत असा डाव रंगला, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘कोणताही सायलेन्सर चालतो’ या म्हणण्यात किती अज्ञान आहे ते कळेल. शेतकऱ्यास शर्यत जिंकावयाची नाही हे खरे. पण चुकीच्या नळीतून जे निसटते ते त्याने पैसे मोजून भरलेले पेट्रोलच असते.

यास्तव आमचे पहिले सांगणे असे की, नवा शोधण्यापूर्वी जुना नीट तपासावा. सायलेन्सर दोन रोगांनी जातो. पहिला काजळीचा. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलाबरोबर तेल जळते व त्याची चिकट काजळी आतील जाळीवर बसते. गाडी चढावर ओढेनाशी झाली म्हणजे लोक रिबोरिंगचा खर्च करतात, आणि दोष मात्र जाळीत असतो. पुष्कळ जुन्या गाड्यांची जाळी मागचा एक स्क्रू काढताच बाहेर येते. ती खरवडून किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून साफ करावी. मात्र हा सोडा कातडी व डोळे जाळतो आणि अॅल्युमिनियम खातो. म्हणून रबरी हातमोजे घालावे, सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये, मुलांना व गुरांना जवळ येऊ देऊ नये, आणि ते पाणी विहिरीजवळ सांडू नये.

दुसरा रोग गंजाचा, व तो बहुधा आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी दूर पल्ल्यावर गेली तर सायलेन्सर तापून ती वाफ बाहेर जाते. पण घरापासून मळ्यापर्यंत व मळ्यापासून डेअरीपर्यंत अशा आखूड फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही व पाणी आतच साचते. अनेक सायलेन्सरांच्या तळाशी एक बारीक छिद्र असते, ते हे पाणी गळून जाण्यासाठीच असते. ‘येथून फुसफुस होते’ म्हणून ते छिद्र डाग देऊन बुजविणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. ते सायलेन्सराचे आयुष्य कमी करतात. बाहेरून गंज चढतो तो चिखलाने व खताने. म्युरेट ऑफ पोटॅशसारखे क्षारयुक्त खत मोटारसायकलीवरून वाहिले व त्याचे कण ओल्या पत्र्यावर पडले, तर पत्रा लवकर खाल्ला जातो. खताची फेरी झाल्यावर, सायलेन्सर गार झाला म्हणजे त्यावर दोन तांबे स्वच्छ पाणी ओतण्यास काही खर्च येत नाही.

भोक लहान असेल व भोवतालचा पत्रा जाड असेल, तर गॅस वेल्डिंगने पट्टी लावून काम भागते. पत्रा बोटाने दाबल्यावर दबत असेल, तर त्यावर डाग देणे व्यर्थ होय. आतील नळी सुटून खडखडत असल्यास सायलेन्सर उभा कापून, नळी जोडून पुन्हा बंद करणारे कारागीर अजून आहेत. त्यांची मजुरी नव्या बनावट मालाच्या किंमतीजवळ गेली तरी मूळ माप कायम राहते, हा लाभ मोठा आहे.

सांध्यातील तांब्याच्या कडीसंबंधी येथेच सांगतो. बेंड पाइप जेथे सिलिंडरास मिळतो तेथे पुष्कळ गाड्यांत तांब्याचे वॉशर असते. एकदा दाबले गेले की तांबे कठीण होते व पुन्हा घट्ट बसत नाही. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून जे मठारकाम चालत आले आहे, त्याचे मर्म हेच आहे. ठोक्यांनी तांबे कठीण होते म्हणून भांड्यास बळकटी येते, आणि कारागिरास ते पुन्हा घडवावयाचे असले म्हणजे तो ते लाल तापवून मऊ करून घेतो. तोच नियम या लहानशा कडीस लागू आहे. कडी चिरलेली नसेल तर लाल तापवून पाण्यात बुडवावी. ती मऊ होऊन पुन्हा नव्यासारखी बसते. जुन्या गाड्यांची काही वॉशरे मात्र अॅस्बेस्टॉसची असतात; ती घासू नयेत, त्यांची पूड श्वासात जाणे घातक असते. ती ओली करून अलगद काढावीत व नवी आणावीत.

इतके करूनही सायलेन्सर बदलणे प्राप्त झाले, तर गाडीच्या नावावर विसंबू नये, मापावर विसंबावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक फरक झालेले असतात. म्हणून जुना सायलेन्सर कितीही मोडका असला तरी तो भंगारात न घालता बरोबर न्यावा, आणि पुढील गोष्टी दुकानातच ताडून पाहाव्या. पहिली, सिलिंडराशी जोड कशी आहे ती. जावा-येझदीप्रमाणे आट्यांच्या कडीने आवळलेली, की दोन स्टडांवरच्या पट्टीने? आटे जुळले नाहीत तर जबरीने फिरवू नये. सिलिंडराचे आटे गेल्यास खर्च दसपट होतो. दुसरी, बेंड पाइपाचा बाहेरील व्यास, तो व्हर्निअरने मोजावा. तिसरी, एकूण लांबी व पोटाचा घेर. टू-स्ट्रोक गाडीत यांत फरक चालवून घेऊ नये. चौथी, टांगण्याचे कान. ते किती, कोठे व कोणत्या मापाच्या बोल्टाचे. पाचवी, किक, ब्रेकचा पाय, मधला स्टँड व मागच्या चाकाचा नट यांस अडथळा होतो काय. सहावी, जमिनीपासून उंची. बांधावरून व पाटावरून जाणाऱ्या गाडीस शहरी गाडीपेक्षा अधिक उंची लागते. जावा-येझदीसारख्या गाडीस एका सिलिंडरास दोन सायलेन्सर असतात. त्यांपैकी एकच बदलावयाचा असल्यास दुसऱ्याची जाळीही साफ करावी, म्हणजे दोन्ही वाटा सारख्या मोकळ्या राहतील.

नव्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत सायलेन्सराच्या पोटात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व नळीवर प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीस जुन्या गाडीचा सायलेन्सर लावणे किंवा तो कन्व्हर्टर काढून विकणे, दोन्ही अयोग्य. आमचे विवेचन जुन्या गाड्यांपुरते आहे.

बसविल्यानंतरही पारख करावी. एंजिन चालू करून मागील तोंडावर जाड ओले फडके क्षणभर धरावे. सांधा गळत असल्यास पुढे फुसफुस ऐकू येते. ॲक्सिलरेटर सोडताच फटफट असा बार होत असेल तर बहुधा सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते आहे. चार-पाच किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावा. तो तपकिरी असल्यास ठीक. पांढराफेक असल्यास मिश्रण पातळ आहे व एंजिन तापते आहे. काळा व काजळलेला असल्यास पेट्रोल जास्त जाते आहे. अशा वेळी कार्बुरेटराचा जेट बदलावा किंवा सायलेन्सर परत करावा. परत करता यावा म्हणून पावती घेतल्याविना पैसे देऊ नयेत. बांधीव मालावर बनविणाऱ्याचे नाव व कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्यावर बनविणाऱ्याचे नावच नाही अशा मालाची जबाबदारी उद्या कोण घेणार?

आता तरुण वाचकांस दोन शब्द. आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, हा भ्रम आहे. जाळी काढून टाकलेली बुलेट वाड्यातून निघाली की गोठ्यातील गाय बुजते, तान्हे मूल दचकते, आजाऱ्याची झोप मोडते. गाडीस मात्र त्यापासून लाभ नसतो. शेतात तर यात दुसरा धोका आहे. जाळी नसलेल्या सायलेन्सरातून काजळीचा पेटता कण बाहेर पडतो, आणि कडब्याच्या गंजीस किंवा वाळलेल्या उसाच्या पाचटास तेवढा पुरतो. कायदाही याबाबत सौम्य नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक वाहनास, शेतीच्या ट्रॅक्टरासही, सायलेन्सर असावाच लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज व धूर यांची मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, व परवानाही तीन महिने गमवावा लागतो. असे कर्कश सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. त्या चिरडलेल्या लोखंडात कोणा शेतकऱ्याच्या एका पिकाचा नफा असू नये, एवढीच आमची इच्छा.

यावर असा आक्षेप येतो की, इतकी यातायात करण्यापेक्षा जुनी गाडी मोडीत घालावी. टू-स्ट्रोक गाड्या धूर करतात व पेट्रोल खातात. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या गाडीची चौकट तडकली, जिचे एंजिन तेल ओकते, किंवा जिची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतन केलेली नाही, तिच्यावर खर्च करू नये, हे आम्हीही म्हणतो. परंतु ज्या गाडीचे एंजिन शाबूत आहे व जी दिवसास आठ-दहा किलोमीटर चालते, ती केवळ एका पत्र्याच्या नळीसाठी टाकून कर्ज काढून नवी घेणे, हे एक खूर दुखावला म्हणून बैल बाजारात नेण्यासारखे होय. शिवाय योग्य मापाचा, स्वच्छ सायलेन्सर असला म्हणजे त्याच गाडीचा धूर व पेट्रोल दोन्ही कमी होतात, हे विसरू नये.

तरीही सर्व भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून भागणार नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्यापुढील विषयांत शेतीची अवजारे व मोटार वाहने ही दोन्ही ठेवली. ही योग्य दिशा आहे. आमची मागणी अशी की, ज्या गाडीचे उत्पादन थांबले तिच्या सायलेन्सराची, जोडाची व जेटची मापे कारखान्यांनी जाहीर करावी. ज्याला स्वतः भाग बनवावयाचा नाही, त्याने निदान दुसऱ्याला तो नीट बनविता येईल असे करावे. त्यात कारखान्याचा तोटा नाही, आणि बनावट मालास मात्र आळा बसेल.

कारखाने हे करीपर्यंत शेतकरी संघांनी वाट पाहत बसू नये. प्रत्येक संघाने एक मापवही ठेवावी. गावातील जुन्या गाड्या कोणत्या, त्यांच्या बेंड पाइपाचा व्यास किती, कान कोठे, कोणत्या दुकानचा माल बसला व कोणता बसला नाही, हे तीत लिहावे. एकाच जातीच्या पाच-सहा गाड्या निघाल्यास सर्वांचे सायलेन्सर एकदमच एखाद्या चांगल्या कारागिराकडून मूळ नमुन्याबरहुकूम करून घ्यावेत. एकट्यास न परवडणारे काम सहाजणांस परवडते. बियाणे व खते आपण सहकाराने आणतो, तर सुटे भाग का आणू नयेत? एक व्हर्निअर व एक वही, एवढ्याच भांडवलावर हे काम आरंभिता येईल. ज्या संघांनी अशी वही ठेवली असेल अगर यापुढे ठेवतील, त्यांनी आपली मापे आमच्याकडे पाठवावीत. ती या मासिकातून आम्ही आनंदाने प्रसिद्ध करू.